वाडीत एक टिलर असला तरी पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात मुंबईतली नोकरी सोडून गावी शेती करणाऱ्या पोरांवर तुमच्या पेपरात लेख आला होता, खूप बरं वाटलं वाचून. आमच्या भांडुपच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण तो फिरला आणि लगेच दोघातिघांनी मला विचारलं, ताई तुम्ही करता ना गावी, ट्रॅक्टर घ्यावा की पॉवर टिलर (मागून चालत हाताने धरून चालवायचं छोटं नांगरणीचं यंत्र)? लेखात यंत्रांचे फोटो होते पण ती घ्यायची कधी, कशी आणि मुळात घ्यायची का, हे कुठेच नव्हतं म्हणून लिहितेय.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. बाबा गेल्यावर 3 वर्षांपूर्वी पडीक राहिलेली 22 गुंठे भातशेती आम्ही परत कसायला घेतली, ती पण 5 खाचरांत, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यांत, एकाखाली एक. पहिल्याच मे महिन्यात मी दुकानात जाऊन पॉवर वीडर (तण काढायचं हलकं यंत्र) घेऊन आले, दुकानदार बोलला बिल जपून ठेवा, सबसिडी नंतर मिळेल. नाही मिळत! महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, आधी अर्ज, मग निवड, मग कोटेशन आणि यंत्राचा टेस्ट रिपोर्ट अपलोड करायचा, मग पूर्वसंमती येते आणि त्याच्यानंतर घेतलेल्या यंत्राचंच अनुदान खात्यात जमा होतं. बायकांना, एससी-एसटीला आणि अल्पभूधारकांना 50 टक्के, बाकीच्यांना 40, तेही ठरलेल्या मर्यादेत. आणि आता फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) लागतो, तो सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय निघत नाही, आमच्या सातबाऱ्यावर तर बाबाच होते. 2025 मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची सरकारची जिवंत सातबारा मोहीम आली तेव्हा कुठे आमची वारस नोंद झाली. माझं आणि बहिणीचं नाव लावायला घरात कोणी आडकाठी केली नाही, पण कितीतरी घरांत बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात, मग ती बाई आयुष्यभर लावणी करूनसुद्धा कागदावर शेतकरी नसते. याचा मला फार राग येतो. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित जमीनच नाही त्यांनी तर आधीच चौकशी करावी, कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

बरं, त्या वीडरचं काय झालं. पहिला पावसाळा ठीक गेला, गणपतीनंतर तो पडवीत ठेवून आम्ही मुंबईला आलो, टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. पुढच्या जूनला दोरी ओढून ओढून हाताला फोड आले पण चालूच होईना, पेट्रोल सुकून कार्ब्युरेटर चोक झाला होता आणि पार्ट मिळाला तोपर्यंत बाजूच्यांची लावणी अर्धी उरकली होती. शेवटी शेजारच्या वाडीतला टिलर बोलावला, ताशी 600 रुपये. मेरेवर (बांधावर) दोन फळ्या टाकून एकेका खाचरात उतरवला, अडीच तासात चिखलणी झाली. गावातले आमचे काका तेव्हा एवढंच बोलले, "बाय, पहिली दोन वर्षं भाड्याने कर, जमीन काय मागते ते कळू दे, मग घे." तेच मी आता सगळ्यांना सांगते.

सुरुवातीला खरंच लागतं ते फावडं, घमेलं, पहार, कोयती आणि चांगले विळे. विळे पण बघून घ्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा दातेरी आहे, सारखी धार लावत बसावी लागत नाही, माझ्या आईने भात कापताना एकदा तो हातात घेतला तो परत जुन्याकडे वळली नाही.

आणि मोठं यंत्र एकट्याने घ्यायचंच कशाला? वर्षातून जेमतेम 4-5 दिवसांचं काम. शेतकरी गटाला अवजारे बँकेसाठी, म्हणजे यंत्रं घेऊन ती शेतकऱ्यांना भाड्याने द्यायला, अनुदान मिळतं, पण आमच्या शेजारच्या गावात गटाने ट्रॅक्टर घेतला, तो रस्त्यालगतच्या सपाट शेतात फिरतो, आमच्या खाचरात उतरायला त्याला वाटच नाही. कोकणातल्या अवजारे बँकेत टिलर, वीडर, ग्रास कटर असली हलकी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारा गावातलाच एक पोरगा तयार हवा. तुम्ही यावर एकदा नीट लिहा अशी विनंती. मुंबईत आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक वाडीचं मंडळ आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण बिनबोभाट वर्गणी काढतो, तशी अनुदान सोडून उरलेला गावातल्या गटाचा हिस्सा भरायला का नाही काढायची?

आमच्या मंडळाची मीटिंग येत्या रविवारी आहे, त्यात मी हा विषय मांडणार आहे. टिलर ठेवायला शेड लागेल, तिच्यासाठी खळ्याच्या बाजूची जागा द्यायचं काकांनी कबूल केलंय.

आपली,
एक वाचक, भांडुप, मुंबई