माथेरानची गाडी नेरळहूनच धावू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरू लागला की नेरळ स्थानकात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'मिनी ट्रेन कधी चालू होणार?' आम्हा नेरळकरांनाही नक्की उत्तर देता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

पावसाळ्यात घाटातली गाडी बंद ठेवतात, ते बरोबरच आहे. दुखणं वेगळं आहे. 26 जुलै 2005च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो सुरू व्हायला 2007 उजाडलं. मे 2016मध्ये डबे घसरले आणि घाटातली गाडी थेट जानेवारी 2018मध्ये धावली. 2019च्या पावसात पुन्हा रूळांखालची खडी-माती वाहून गेली आणि ऑक्टोबर 2022पर्यंत नेरळचा फलाट सुना राहिला. सतरा वर्षांत सहा वर्षांच्या आसपास ही गाडी नेरळहून सुटलेलीच नाही.

यातल्या काही काळात 'अमन लॉज ते माथेरान शटल चालू आहे ना' असं सांगितलं जायचं. शटलचा उपयोग मोठा आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यापासून, म्हणजे मोटारी थांबतात तिथून, सामान, म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन जायला तिचा मोठा आधार. पण ते अंतर जेमतेम तीन किलोमीटर. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 ते 1907 या काळात सोळा लाख रुपये खर्चून बांधली ती जवळजवळ वीस किलोमीटरची वाट. नेरळच्या भातखाचरांपासून साडेसातशे मीटरहून अधिक उंच चढणारी, काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट असा चढ असलेली. दोन फूट अंतराचे रूळ डोंगराच्या अंगाअंगाने वळवत नेले. वाटेतलं जुम्मापट्टी स्थानक सोडल्यावर शेवटच्या डब्यात बसून बाहेर बघा. वळणावर आपलंच इंजिन समोर उलट्या दिशेने जाताना दिसतं आणि मघाशी डावीकडे असलेलं नेरळ उजवीकडे, आणखी खाली गेलेलं असतं. मे महिन्यात वाटेत करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या आदिवासी बायांचे चार पैसेही याच गाडीवर अवलंबून असतात. टॅक्सी तिथे थांबत नाही.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या रेल्वे जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. माथेरानची अजून संभाव्य यादीतच आहे. वर्षानुवर्षं बंद राहणाऱ्या मार्गासाठी आपण तो मान कोणत्या तोंडाने मागणार?

रेल्वेने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 2016च्या अपघातांनंतर डब्यांना एअर ब्रेक बसले, दरीच्या बाजूला कठडे आले. पहार घेऊन दरडीचे दगड बाजूला करणाऱ्या ट्रॅकमनचे तर आभार मानावेत तेवढे थोडे. मात्र खरा शत्रू पाणी आहे. डोंगरावरून येणारा लोंढा रूळांखालून नीट पलीकडे गेला नाही, तर नवे रूळ आणि नवी खडीही पुढच्या श्रावणात दरीत जाणार. मोऱ्या रुंद करणं, गटारं मे महिन्याच्या आत साफ करणं, खचणाऱ्या उतारावर जाळीबंद दगडांच्या भिंती घालणं, ही कामं दिसायला साधी आणि फोटोत न येणारी. काचेच्या छताचे डबे जरूर आणा, पण त्याआधी पैसा इथे घाला. आणि डबे वाढवायचेच तर दुसऱ्या वर्गाचे वाढवा. सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून रांगेत उभं राहून तिकीट न मिळालेली कुटुंबं टॅक्सी स्टँडकडे वळताना आम्ही नेहमी बघतो.

मध्य रेल्वेकडे माझी एक साधी मागणी आहे. जूनमध्ये गाडी बंद करताना घाटात कुठे, कोणतं काम, कधीपर्यंत होणार आणि गाडी कोणत्या तारखेला सुटणार, हे नेरळ स्थानकात मराठीत फलक लावून सांगावं. तारीख पुढे ढकलावी लागली, तर त्याचं कारणही त्याच फलकावर लिहावं.

– एक वाचक, नेरळ (जि. रायगड)