क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र: मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचं अंतर ठरवताना एकदा स्कोअरबुक उघडून बघा

मा. क्रीडामंत्री,
सप्रेम नमस्कार.

विषय ऐकून हसू नका. पाच फुटांबद्दल लिहितेय, म्हणजे पिचर (बॅटरला बॉल टाकणारी) जिथे उभी राहते ती पट्टी आणि होम प्लेट (जिच्याशेजारी बॅटर उभी राहते) यांच्यातलं अंतर लहान मुलींसाठी ३५ फूट ठेवायचं की ४०, त्या पाच फुटांबद्दल. मी शाळेत असताना पिचर होते, आता मुलींच्या मॅचेसना स्कोअर लिहायला बसते, आणि स्कोअर लिहिणाऱ्याला एक गोष्ट दिसते जी स्टेजवर बसलेल्या पाहुण्यांना दिसत नाही, ती म्हणजे कुठल्या इनिंगमध्ये बॉलला बॅट लागलीच नाही.

मागे एका स्पर्धेत दहा-अकरा वर्षांच्या मुली ४० फुटांवरून पिचिंग करत होत्या, बॉल मोठा, १२ इंची (म्हणजे घेर १२ इंच). काय झालं असेल सांगा. वॉक (चार बॉल चुकीचे पडले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर), वॉक, वॉक, मग वाइल्ड पिच (कॅचरलाही न सापडणारा बॉल), मग परत वॉक. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये फील्डिंगला उभी असलेली पोर मातीत बुटाने चित्रं काढत होती आणि मला तिचा अजिबात राग आला नाही, कारण तिच्याकडे बॉल जाणारच नव्हता. पिचर मात्र रडवेली. घरी जाताना तिला वाटलं असणार की आपल्याला जमतच नाही. तिला जमत होतं हो, तिला फक्त चुकीच्या जागी उभं केलं होतं.

आता थोडं गणित, कंटाळू नका. नवशिक्या दहा वर्षांच्या मुलीचा बॉल ताशी ५५ किलोमीटरने जातो असं धरू. स्टेप टाकून ती पट्टीच्या चारेक फूट पुढे बॉल सोडते. ३५ फुटांवरून तो प्लेटपर्यंत यायला साधारण ०.६२ सेकंद लागतात, ४० फुटांवरून ०.७२. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाचा, पण तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण बॉलला आणखी दोन फूट खाली ओढतं. एवढ्याशा मुलीचा स्ट्राइक झोनच, म्हणजे बॉल योग्य धरला जातो ती काखेपासून गुडघ्यापर्यंतची जागा, साधारण तेवढा असतो! म्हणजे ३५ फुटांवर जो बॉल छातीजवळून गेला असता तो ४० फुटांवर गुडघ्याशी किंवा जमिनीवर. मग मुलगी काय करते, तर बॉल वर उडवायला लागते, मागे झुकते, मनगटाऐवजी खांद्याने ढकलते, आणि ही सवय एकदा बसली की काढताना कोचच्या नाकी नऊ येतात. विंडमिलमध्ये, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून टाकताना, हात खालून येतो म्हणून खांद्याला काही होत नाही असं अजूनही लोक बोलतात, ते खरं नाही, या ॲक्शनमध्ये खांद्यावर आणि बायसेप्सवर चांगलाच ताण येतो, आणि जोर काढून टाकणाऱ्या मुलीला तो जास्तच.

अमेरिकेत जिथे हा खेळ लाखो मुली खेळतात तिथे यूएसए सॉफ्टबॉल या राष्ट्रीय संघटनेची वाटणी अशी आहे, १० वर्षांखालच्यांना ३५ फूट आणि ११ इंची बॉल, १२ खालच्यांना ४० फूट आणि १२ इंची बॉल, १४ खालच्या गटापासून पुढे ४३ फूट, जे महिलांचं आंतरराष्ट्रीय अंतरही आहे. ही वाटणी मला मोटामोटी पटते. पण डोळे झाकून उचलू नका, कारण त्यातही एक खोच आहे, जी बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मुलगी १० च्या गटातून वर गेली की एकाच दिवशी अंतरही वाढतं आणि बॉलही मोठा होतो. छोट्या पंजाच्या मुलीला १२ इंची बॉल नीट पकडताच येत नाही, त्यात पाच फूट लांब. दोन्ही एकदम कशाला? एक सीझन बॉल बदला, अंतर राहू द्या, पुढच्या सीझनला अंतर वाढवा. किंवा मध्ये ३७-३८ फुटांवर थांबा, पट्टी सरकवायची तर आहे. माझ्या मते तुमच्या खात्याच्या परिपत्रकात ही एवढी एक ओळ आली तरी निम्मं काम झालं.

यावर कोच लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "शेवटी ४३ वरूनच टाकायचंय ना, मग आत्तापासून सवय लागू दे." क्रिकेटमध्ये लहान पोरांना हलका बॉल देतात, कित्येक ठिकाणी पिचही २२ यार्डांपेक्षा छोटी आखतात, तिथे कोणी असं म्हणत नाही. आणि खरं सांगू का, हे बोलणाऱ्या कोचकडे बहुतेक वेळा एक उंच, ताकदवान मुलगी असते जी ४० वरूनही आरामात टाकते. अंतर तिच्याकडे बघून ठरवायचं नसतं, टीममधल्या तिसऱ्या नंबरच्या पिचरकडे बघून ठरवायचं असतं, कारण एकीवरच सगळा भार टाकला की तिचाही खांदा जातो आणि बाकीच्या कधी शिकतच नाहीत.

उलटी बाजूही आहे, ती लपवत नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ताशी ९० किलोमीटरने टाकायला लागली आणि तिला ४० फुटांवरच ठेवलं तर बॅटरला साधारण ०.४३ सेकंद मिळतात, ४३ वर ०.४६. एवढ्याने काय होतं असं वाटेल, पण बॅट फिरवायची की नाही हे त्यातच ठरवायचं असतं. आणि पिचरचा जीव विसरू नका, बॉल सोडल्यावर ती बॅटरपासून जेमतेम ३५ फुटांवर असते आणि सरळ तोंडावर परत आलेला फटका बघायला तिच्याकडेही तेवढाच वेळ असतो. अमेरिकेतल्या हायस्कूलांनी २०१०-११ पासून ४० चे ४३ केले ते उगाच नाही. म्हणून सगळ्यांना जवळ आणा असं माझं म्हणणं नाहीच. फेस मास्क मात्र अंतर कितीही असो, पिचरला सक्तीचाच करा, यावर मी वाद घालणार नाही.

अजून एक बारीक गोष्ट, लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. अंतर मोजतात ते होम प्लेटच्या मागच्या टोकापासून पिचिंग पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत. कित्येकदा टेप प्लेटच्या पुढच्या कडेला लावतात. प्लेट पुढून मागे १७ इंच असते, म्हणजे कागदावर ३५ आणि मैदानावर जवळपास साडेछत्तीस! वर कोणीतरी मीटरमध्ये आकडा देतं, ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, त्याचे "बाराच धरा" होतात किंवा साडेबारा, ज्याचा मूड असेल तसं.

तर माझी मागणी काय. वयोगटानुसार अंतर लेखी ठरवा, पण त्यात थोडी ढील ठेवा, नवशिक्यांच्या स्पर्धेत दोन्ही टीम तयार असतील तर पट्टी पुढे घ्यायची मुभा असू दे. पट्टी सिमेंटमध्ये पुरू नका, खिळ्यांनी बसवायची ठेवा, एकाच मैदानावर सकाळी दहा वर्षांखालच्या आणि दुपारी चौदा वर्षांखालच्या मुली खेळतात. आणि सीझन संपला की स्कोअरशीट्स मागवून घ्या. किती वॉक, किती स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद) आणि किती वेळा बॉल खरंच मैदानात गेला, एवढं मोजायला एक माणूस आणि एक दुपार पुरते. वॉकच वॉक असतील तर अंतर जास्त आहे, स्ट्राइकआउटच असतील तर कमी. समित्या नेमायची गरज नाही, माझ्या वह्या मी आणून देते, अक्षर जरा वाईट आहे तेवढं चालवून घ्या.

कळावे,
एक जुनी पिचर, सध्या स्कोअरर