नियम बदलायचाच तर बॅटचा बदला

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या खेळाच्या पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं, टेबल टेनिस लोकप्रिय करायचं असेल तर नियम बदला म्हणून. त्यात गेम अकरावरून सातवर आणा, लेट सर्व्हिस, म्हणजे जाळीला लागून पलीकडं पडलेली, परत खेळायची बंद करा, हॉलमध्ये रंगीत लाइट आणि गाणी लावा असं बरंच काय काय होतं. वाचून पहिल्यांदा बरं वाटलं, कारण सोलापुरातनं कुणीतरी टी.टी.बद्दल पेपरला पत्र लिहितंय हेच लै झालं. पण मुद्दे बघितले तर सगळे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे, म्हणून मी पण लिहायला बसलो.

कसंय, गेम लहान करा, बॉल बदला हे सगळं जागतिक संघटनेनं आधीच करून बघितलंय. सिडनी ऑलिंपिक संपलं की २००० साली ३८ मिलिमीटरचा बॉल ४० चा केला, का तर जरा हळू जाईल आणि टीव्हीवर नीट दिसेल. २००१ ला २१ चा गेम ११ वर आणला, पाच-पाच सर्व्हिस होत्या त्या दोन-दोन केल्या. २००२ ला हाताआड लपवून सर्व्हिस करायची बंद, २००८ ला बीजिंग झाल्यावर बॅटला रबर चिकटवायचा तो उग्र वासाचा स्पीड ग्लू बंद, २०१४ ला सेल्युलॉइडचा बॉल जाऊन प्लास्टिकचा आला आणि २०२१ पासून तर बॅटची एक बाजू काळी ठेवा, दुसरीकडं लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा, निळा काय पाहिजे ते लावा म्हणले. २१ च्या गेममध्ये १२-१९ वरनं माणूस उठून मॅच काढायचा ती मजा गेली ती गेलीच, पण जाऊ द्या, म्हाताऱ्यांचं रडगाणं नको. प्रश्न असा आहे की एवढं सगळं करून आपल्याकडं किती घरात आज टी.टी.ची मॅच लावून बघतात? आणि हे सगळं चीनला रोखायला चाललंय असं छातीठोक सांगणारे पण कमी नव्हते, तर त्याचं काय झालं बघा, १९८८ पासून पॅरिसपर्यंत ऑलिंपिकमध्ये टी.टी.ची ४२ सुवर्णपदकं होती, त्यातली ३७ चीननं नेली.

खरी अडचण पॉइंट किती आणि बॉल केवढा ही नाहीच. अडचण ही आहे की बघणाऱ्याला पॉइंट का गेला तेच कळत नाही.

परवा मे महिन्यात एका शालेय स्पर्धेला गेलो होतो, नाव कशाला घ्या. पूर्व भागातला एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा, बाप यंत्रमागावर कामाला, हातात दुकानातनं आणलेली साधी तयार बॅट. समोरचा पोरगा क्लासवाला, त्याच्या बॅटला एका बाजूला लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचं रबर. मॅचच्या आधी एकमेकांची बॅट बघायचा नियम आहे, त्याप्रमाणे ह्या पोरानं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, पिंपलवर अंगठा फिरवून बघितला आणि काही न बोलता परत दिली. त्याला कळलंच नव्हतं काय बघायचं ते. मग मॅच चालू झाली आणि हा जितका जोरात कट मारेल तितका बॉल फिरून ह्याच्याच अंगावर, कधी टेबलाबाहेर उडायलाय तर कधी सरळ जाळीत जायलाय. बाप माझ्या शेजारी बसलेला, दोन गेम गप बघितलं आणि मग मला विचारतो, "साहेब, तो पोरगा तर नुसता बॅट लावायलाय, आमचाच सारखा जाळीत कशाला मारायलाय बे?" आता त्याला काय सांगणार, मी हळू आवाजात लाँग पिंपल म्हणजे काय, आलेली फिरकी ती उलटी कशी परत देते ते सांगायला लागलो तोवर मॅच संपली. अकराचा गेम, किती वेळ लागतो! गेम सातचा असता तर आणि लवकर संपली असती एवढंच.

ह्यात त्या दुसऱ्या पोराची काही चूक नाही, नियमात बसतंय ते तो वापरणारच. पण स्पंज, रबर आणि मधला गोंद मिळून चार मिलिमीटरच्या त्या थरात जे काय चाललेलं असतं ते खेळणाऱ्याला कळतं, अंपायरला थोडं कळतं, बघणाऱ्याला शून्य. कॅरमला सोंगटी कुठं लागून कुठं गेली ते कट्ट्यावर बसलेल्या रिकामटेकड्याला पण दिसतं म्हणून तर पन्नास माणसं एका बोर्डाभोवती उभी राहतात. टी.टी.ला बघणारा बाहेरचाच राहतो.

आणि ही गोष्ट सुरू झाली ती आपल्या मुंबईत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईला झाली तेव्हा जपानचा हिरोजी साटो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तोवर सगळे साध्या पिंपल रबरनं खेळायचे, टॉक टॉक असा खणखणीत आवाज यायचा आणि समोरचा माणूस त्या आवाजावरनं फटका किती जोरात बसला त्याचा अंदाज घ्यायचा. साटोच्या बॅटला आवाजच नाही. युरोपचे एक से एक खेळाडू गोंधळले आणि हा माणूस जगज्जेता होऊन गेला. मग बंदी घाला, नको घालू असं वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी १९५९ ला स्पंज ठेवायचा पण जाडीला मर्यादा घालायची असा तोडगा निघाला. पुढं लोक दोन्ही बाजूंना एकाच रंगाची पण वेगळ्या गुणाची रबरं लावून हातात बॅट फिरवायला लागले, समोरच्याला कळायचंच नाही कुठली बाजू लागली, म्हणून ऐंशीच्या दशकात एक बाजू लाल आणि एक काळी सक्तीची केली. म्हणजे बघा, बॅटमुळं झालेला घोटाळा निस्तरायला नियम आणि त्या नियमाला ठिगळ म्हणून परत नियम. मूळ बॅटला मात्र हात लावायचा नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वर काय करायचं ते जागतिक संघटना बघून घेईल, पण शाळा, वॉर्ड, जिमखाना, गणेशोत्सव मंडळं, अगदी जिल्ह्याच्या लहान गटापर्यंत बॅट आयोजकांनी द्यावी आणि सगळ्यांना एकच द्यावी. बिनस्पंजाची, आखूड पिंपलची, जुन्या पद्धतीची. टेबलावर दोन बॅटी ठेवायच्या, टॉस जिंकणाऱ्यानं एक उचलायची आणि गेम संपला की जशी बाजू बदलतो तशी बॅट पण बदलायची, म्हणजे "त्याची चांगली होती" ही तक्रारच नाही. आज चांगल्या परदेशी रबरची एक शीट चार-पाच हजारांच्या घरात जाते, बॅटला दोन शीट लागतात, ती पण रोज खेळणाऱ्याची काही महिन्यांत मरते. मागावरच्या माणसानं हे कुठनं आणायचं? तो पोराला कॅरमला नाहीतर क्रिकेटला पाठवणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

साध्या बॅटनं खेळ मेला असं काही होत नाही. कट बसतो, चॉप बसतो, स्मॅश तर असा वाजतो की दारातला माणूस वळून बघेल. फक्त फिरकी आटोक्यात येते आणि रॅली लांबते, आणि लोकांना बघायची असते ती रॅलीच की हो. लंडनला अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये काही वर्षं अशी स्पर्धा व्हायची, सगळ्यांना सँडपेपर लावलेल्या सारख्याच बॅटी, १५ चा गेम आणि एक डबल पॉइंटचा बॉल. बक्षिसं पण मोठी होती आणि टीव्हीवर दाखवायचे. लोक पबमधल्यासारखे ओरडायचे, कारण काय चाललंय ते सगळ्यांना कळत होतं.

आता ह्यावर दोन आक्षेप येणार हे मला माहिताय. एक म्हणजे रॅली फारच लांबली तर? १९३६ ला प्रागच्या जागतिक स्पर्धेत एकच पॉइंट दोन तासांच्या वर चालला होता, एर्लिख आणि पानेथ हे दोन खेळाडू नुसते ढकलत बसले होते. पण त्याच्यावर औषध तेव्हाच निघालंय, जाळी खाली आणली आणि वेळेची अट आली. आज पण दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघांचे मिळून पॉइंट अठराच्या आत असले तर सर्व्हिस आलटून पालटून होते आणि समोरच्यानं तेरा वेळा परत दिला की पॉइंट त्याचा. पुस्तकात आहे, वापरा.

दुसरा आक्षेप मला पण खरा वाटतो. आपल्या मुली आज जे काही करायलेत ते ह्याच चमत्कारिक रबरांवर. मनिका बत्रानं २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सिंगापूरवाल्यांना लाँग पिंपलनं रडवून सुवर्ण आणलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत ऐहिका मुखर्जीनं जगातल्या एक नंबरच्या सुन यिंग्शाला ३-१ नं हरवलं ते बॅकहँडच्या रबरच्या जोरावर, त्या रात्री मी घरात एकटाच टाळ्या वाजवत होतो आणि बायको म्हणाली काय झालं तर मला तिला पण सांगता येईना काय झालं! ही मुलगी बॅट नुसती लावायली आणि चीनची मुलगी जाळीत मारायली, हेच सांगितलं. म्हणून मी वरच्या पातळीवर रबर काढा म्हणत नाही. राज्याला जाणारा पोरगा वेगळी बॅट घेईल, शिकेल, वर्ष-सहा महिने अडखळेल. पण खाली शंभर पोरं खेळली तर वर एक जाणार ना, खाली आठच पोरं आणि आठही त्याच दोन क्लासची असली तर त्यातनं काय निघणार?

अजून एक आपल्या गावापुरतं सांगतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो आणि शाळांना सुट्टी तेव्हाच असते म्हणून स्पर्धा तेव्हाच. बॉल २.७ ग्रॅमचा, वरचा पंखा लावला की तो वाकडा जातो म्हणून हॉलमधले सगळे पंखे बंद. वर पत्रा, खिडक्यांना वारा येऊ नये म्हणून सतरंज्या अडकवलेल्या, पोरं घामानं निथळायलेत आणि आईबाप पेपरनं वारा घेत बसलेत. अशात बघायला कोण येणार हो? जपानमध्ये वयस्कर लोकांसाठी ४४ मिलिमीटरचा बॉल आणि १७.२५ सेंटिमीटरची जाळी असा वेगळा प्रकार चालतो, म्हणजे नेहमीच्या १५.२५ पेक्षा दोन सेंटिमीटर उंच, प्रागच्या वेळी जाळी होती जवळपास तेवढीच. खेळ हळू होतो, आजोबा-आजी मजेत खेळतात. आपल्या लहान गटांना आणि पन्नाशीच्या वरच्यांना हा प्रकार लावून बघायला काय हरकत आहे? जोरात मारायचा मोह कमी झाला की पंखा एक नंबरवर ठेवून पण खेळता येईल असं मला वाटतं, करून बघितलं पाहिजे.

त्या वाचकांनी प्रो कबड्डीचं उदाहरण दिलंय, तिसऱ्या रेडला पॉइंट आणा नाहीतर बाहेर व्हा हा नियम कसा हिट झाला म्हणून. झालाच की. पण कबड्डी बघणारा प्रत्येक माणूस लहानपणी गल्लीत मातीत लोळलेला असतो, त्याला नियम बदलला तर त्यातली गंमत लगेच कळते. आपल्या अल्टिमेट टेबल टेनिस लीगमध्ये पण १०-१० झालं की एकच गोल्डन पॉइंट ठेवलाय, चांगलंय, मला आवडतं. पण ते बघून थरारून जायला आधी ड्यूस, म्हणजे ती १०-१० ची बरोबरी, म्हणजे काय हे तरी माणसानं स्वतः हातात बॅट घेऊन भोगलेलं पाहिजे.

तेव्हा येत्या सुट्टीत कुठल्या तरी मंडळानं, शाळेनं नाहीतर जिमखान्यानं एक स्पर्धा अशी लावून बघावी. दोन टेबलं, चार सारख्या बॅटी, प्रवेश फी नाममात्र, मॅच सकाळी सात ते दहा म्हणजे ऊन पण नको. अंपायरिंगला मी येतो, चहा सुद्धा मागणार नाही. आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती, निकाल छापताना नुसतं अमुक वि.वि. तमुक ११-६, ११-४, ११-७ असं छापू नका, एखादा पॉइंट कसा झाला ते दोन ओळीत लिहायला तुमच्या वार्ताहराला सांगा, आणि त्याला कळला नाही तर तसं लिहा म्हणावं.

कळावे,
एक जुना टी.टी.वाला
रेल्वे लाइन्स, सोलापूर