सिनेमाच्या वह्या रद्दीत घालू नका

महोदय,

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून माझ्या सिनेमाच्या वह्या खाली आल्या आणि ‘ह्या रद्दीत घालायच्या का?’ असा प्रश्न घरात निघाला. चार वह्या आहेत, दोनशेपानी. १९७८ साली एसटीच्या डेपोत कारकून म्हणून लागलो, तेव्हापासून पाहिलेला प्रत्येक सिनेमा त्यांत आहे. तारीख, थिएटर, तिकिटाचा दर, बरोबर कोण होतं आणि त्या रात्री काय वाटलं. रात्रीच लिहायचं, कारण सकाळी डेपोत गेलं की चार जणांची मतं आपल्या मतात मिसळतात.

‘कोर्ट’, म्हणजे कांबळे नावाच्या लोकशाहिरावरच्या खटल्याचा सिनेमा, २०१५ साली पाहिला. वहीत आहे, ‘फार संथ. शेवट कळला नाही.’ न्यायालयातले दिवे बंद होतात तिथे सिनेमा संपला असं समजून मी उठलोही होतो. त्यानंतर न्यायाधीश घरच्यांबरोबर सहलीला गेलेले दिसतात, ते कशाला, हे मला उमगलं नव्हतं. गेल्या वर्षी नातीबरोबर घरी पुन्हा पाहिला. ती कायद्याचं शिकते. म्हणाली, “आजोबा, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली, पण कांबळे आतच आहेत ना!” मी बराच वेळ गप्प होतो. जुनी ओळ खोडली नाही. खाली तारीख घालून लिहिलं, ‘चूक माझी. दिवे गेल्यानंतरचंच खरं सांगणं आहे.’ नातीने शेजारी तिचं मत लिहिलं. सरकारी वकीलबाईंवरून आमचं अजून पटत नाही. तिला त्या निर्दय वाटतात. मला मात्र पाळणाघरातून मुलाला घेऊन घरी जाऊन स्वयंपाकाला लागणारी ती बाई विसरता येत नाही.

हल्ली पाचापैकी साडेतीन तारे दिले की मत देऊन झालं. साडेतीन ताऱ्यांवर आजोबा-नातीला असं भांडता आलं नसतं.

१४ मार्च १९३१ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, देशातला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत हाती नाही. पडद्यावरचं माणूस बोलायला लागलं तेव्हा समोर बसलेल्या एखाद्या गिरणी कामगाराला काय वाटलं, हे कुणाच्या वहीत मिळालं तर मी ती वाचायला मुंबईला जाईन. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून सिनेमे जपत आलंय. समोर बसून ते पाहणाऱ्यांचं म्हणणं मात्र आपल्यालाच घरोघरी जपावं लागेल.

ज्यांच्याकडे आई-वडिलांच्या अशा वह्या, डायऱ्या असतील त्यांनी कृपा करून त्या वाचल्याशिवाय रद्दीवाल्याला देऊ नयेत. आणि आपणास विनंती, की रविवारच्या पुरवणीत प्रेक्षकांच्या जुन्या नोंदींना, तारीख आणि थिएटरच्या नावासह, थोडी जागा द्यावी. २००४ सालची माझी ‘श्वास’ची नोंद मी लगेच पाठवतो. अक्षर लागत नसेल तर नात उतरवून देईल.

– एक निवृत्त एसटी कर्मचारी, सातारा