निम्मे नियांडरथल? आधी गोधडी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'भारतीय निम्मे आदिमानव' अशी बातमी छापली आणि बाजूला गोरिलासारखा केसाळ माणूस, हातात सोटा. माझी चाळीसगावात छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, सोमवारी सकाळपासून तोच विषय. एका आजोबांचं रक्त घेत होतो तर सुई टोचायच्या आधी म्हणतात, "भाऊ, आपला आजला माकड व्हता का?" दुसऱ्याला टेस्ट करून स्वतःची टक्केवारी पाहिजे होती, पैसे किती ते सांगा म्हणे. आमच्याकडे शुगर होते, सीबीसी होते, हे नाही होत हो.

ते निम्मं कुठून आलं ते सांगतो, कारण बातमी लिहिणाऱ्याने पार उलटं वाचलंय. २०२५ मध्ये 'सेल' जर्नलमध्ये २,७६२ भारतीयांच्या जिनोमचा, म्हणजे पूर्ण डीएनएचा, अभ्यास आला, त्यात एकेका माणसात नियांडरथलचा, म्हणजे आता नामशेष झालेल्या एका जुन्या मानवजातीचा, वाटा १-२ टक्केच आहे, पण प्रत्येकाकडे वेगवेगळा तुकडा आलाय आणि सगळ्यांचे तुकडे गोळा करून लावले की नियांडरथलचा साधारण निम्मा जिनोम परत जुळतो. डेनिसोव्हन या अशाच दुसऱ्या नामशेष मानवजातीचाही जवळपास पाचवा हिस्सा जुळतो.

आमच्या आजीचं एक हिरवं लुगडं होतं, ती गेल्यावर आई आणि मावश्यांनी ते फाडून आपापल्या गोधडीत लावलं. आमच्या गोधडीत तळहाताएवढा तुकडा आहे, काठाजवळचा, धुऊन धुऊन पार विटलाय. धाकट्या मावशीकडे पदराचा आहे. सगळ्या बहिणींच्या गोधड्या अंगणात पसरल्या तर निम्मं लुगडं सहज जुळेल, म्हणून आमची गोधडी निम्मी लुगडं झाली का?

आता जरा गंभीर. बातमीत खाली एक ओळ होती की नियांडरथलच्या जीनमुळे भारतीयांना कोरोना जास्त झाला. ती वाचून एक जण आला, त्याचा भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला, विचारत होता आमच्या रक्तातच खोट होती का. काय सांगणार. ती ओळ ज्यावरून आली तो २०२० चा अभ्यास खरा आहे, तिसऱ्या क्रोमोसोमवरचा एक तुकडा नियांडरथलकडून आलाय, दक्षिण आशियात निम्म्या लोकांकडे आहे, युरोपात १६ टक्क्यांकडे, आणि त्याने आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. पण धोका वाढतो म्हणजे माणूस जातोच असं नाही, वय, शुगर, वजन, वेळेवर ऑक्सिजन मिळाला की नाही हे सगळं त्यात येतं. आणि २०२१ मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी, ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी, बाराव्या क्रोमोसोमवरचा नियांडरथलचाच दुसरा तुकडा दाखवला जो धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. पेबोंना पुढे २०२२ चं नोबेल मिळालं. हे दुसरं तुमच्या बातमीत कुठेच नाही. मी त्याला चहा पाजला आणि एवढंच सांगितलं, पटलं की नाही माहीत नाही.

डेनिसोव्हन आपल्याला कळले ते सायबेरियातल्या अल्ताई डोंगरातल्या गुहेत एका मुलीच्या करंगळीचं एवढंसं हाड सापडलं म्हणून, थंडीत डीएनए टिकला. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला सकाळचं दूध दुपारपर्यंत टिकत नाही, डीएनए कुठून टिकणार? नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये जुनी कवटी सापडली, ती नेमकी कोणाची यावर अजून वाद आहे.

म्हणून आपल्याकडचा पुरावा जिवंत माणसांच्याच रक्तात शोधावा लागतो. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. नियांडरथलशी मिसळण झाली ती त्याच्याही वीसेक हजार वर्षं आधी, म्हणजे ते मणी घासून गुळगुळीत करून भोक पाडणाऱ्या माणसात हे १-२ टक्के आधीच असणार.

तेवढी दुरुस्ती छापा ही विनंती, पहिल्या पानावर नको, पण जिथे बातमी होती तिथेच. आणि तो गोरिला काढा. फोटोच पाहिजे असेल तर पाटण्याच्या मण्यांचा टाका.

कळावे,
आपला एक वाचक, चाळीसगाव