निळ्या म्युझियमहून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी पुन्हा 'ती फाईल' काढली आणि मी "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता, हे तुम्हालाही कळलं असणार. तोंडाने बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

शनिवारी एकटीच आर्लला गेले होते. इथून, म्हणजे लिऑनहून, ऱ्होन नदीच्या कडेकडेने गाडी खाली जाते. आर्ल हे दक्षिण फ्रान्समधलं, रोमन काळातलं मोठं बंदर. गावाच्या टोकाला, रथांच्या शर्यतींचं मैदान होतं तिथे, १९९५ मध्ये उघडलेलं तिकोनी म्युझियम आहे. भिंती निळ्याशार, म्हणून गावातले लोक त्याला निळं म्युझियमच म्हणतात.

बाबा, तुम्ही असतात तर होडीपाशीच दुपार गेली असती. ३१ मीटर लांब, सपाट तळाची, पहिल्या शतकातली मालवाहू होडी. २००४ मध्ये नदीच्या तळाशी सापडली, २०११ मध्ये तुकडे करून वर काढली. दोन हजार वर्षं भिजलेलं लाकूड नुसतं वाळवलं तर आक्रसून चिरफळ्या होतात, म्हणून आधी ते रसायनात मुरवलं आणि मग गोठवून सुकवलं. बांधकामाचे दगड भरलेले असतानाच ती बुडाली होती. आई, तुझ्यासाठी एक गोष्ट: मागच्या बाजूला खलाश्यांचा स्वयंपाक व्हायचा, आणि चूल कशाची, तर फुटलेल्या रांजणाच्या बुडाची! तू फुटक्या माठात कढीलिंब लावलास तसंच. शिवाय होडी बांधताना दोन फळ्यांच्या मधे शुभ म्हणून चांदीचं नाणं बसवलं होतं. मला एकदम आपल्या घराचा पाया आठवला. आजोबांनी त्यात रुपया टाकला आणि गवंडी बघत होता म्हणून तू रात्रभर काळजीत होतीस, ती गोष्ट.

नदीत २००७ साली सापडलेला एक संगमरवरी अर्धपुतळाही आहे. तो ज्युलियस सीझरचा की नाही, यावर विद्वान अजून भांडताहेत. चेहरा मात्र थेट पेन्शनच्या रांगेतल्या माणसासारखा, कपाळावर आठ्या.

पण मला लिहायचंय ते पुढच्या दालनाबद्दल. तिथे दगडी शवपेट्याच शवपेट्या. सुरुवातीच्या ख्रिस्ती पेट्यांचा एवढा संग्रह व्हॅटिकन सोडलं तर दुसरीकडे नाही म्हणतात. रोमन लोक आधी आपल्यासारखंच दहन करायचे आणि राख कलशात ठेवायचे. दुसऱ्या शतकापासून पुरण्याची पद्धत वाढत गेली आणि पैसेवाल्यांनी संगमरवरी पेट्या करवून घ्यायला सुरुवात केली. आधी त्यांवर शिकारी, ग्रीक कथा. मग चौथ्या शतकात त्याच घाटाच्या पेट्यांवर बायबल आलं. सिंहांच्या मधे उभा डॅनिएल, सर्पाजवळ आदम आणि ईव्ह, भाकऱ्यांच्या टोपल्या. सगळं एकमेकांना खेटून, आपल्या देवळांच्या पट्ट्यांवर रामायण असतं तसं. क्रूसावरचा येशू कुठे दिसतो का म्हणून मी शोधत बसले. एवढ्या जुन्या कामात तो जवळजवळ नसतोच. बरं करणारा, वाढून देणारा येशू मात्र जागोजागी.

एक पेटी १९७४ मध्ये नदीपलीकडच्या त्रँकताय भागात सापडलेली आहे. दोन ओळींत प्रसंग, आणि मधोमध शिंपल्यात एक नवरा-बायको, अगदी शेजारी शेजारी. तुमचा लग्नातला फोटो आहे ना, स्टुडिओवाल्याने मागे रंगवलेला पडदा लावलेला? तसेच बसलेत. अशा पेट्या बऱ्याचदा कारखान्यात अर्ध्या तयार मिळत. गिऱ्हाईक आलं की मधले चेहरे कोरायचे. कित्येकांचे ते राहूनच गेले, नुसते गुळगुळीत गोळे. आणि रोमन थडग्यांवर 'व्ही एफ' अशी दोन अक्षरं सापडतात. अर्थ काय, तर 'जिवंतपणी करवून घेतलं'. म्हणजे मुलांच्या भरवशावर कोणी बसत नव्हतं. बाबा, हसू नका.

मग मी तिथल्या बाकावर बसून राहिले. शाळेची पोरं फरशीवर पालथी पडून सिंह काढत होती. त्यांच्या बाई शवपेटीला टेकल्या, तर रखवालदाराने त्यांनाच दटावलं!

बाबा, तुमच्या फाईलमधल्या देहदानाच्या फॉर्मवर दादाची सही झाली, माझीच राहिली आहे. आठ महिने मी टाळतेय. तुमचा निर्णय मला पटत नाही असं नाही. सही केली की ते खरं होईल असं वाटत होतं, एवढंच. फॉर्म पाठवून द्या, मी सही करून पोस्टाने परत पाठवते. फक्त आईचं काय ते तिच्या तोंडून ऐकू दे. तिचाही फॉर्म तुम्हीच भरून ठेवला नाहीत ना?

बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नव्हे.

तुमची,
मनू

ता. क. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला छोटा ब्राँझचा पोसायडन आहे ना, समुद्रदेव? चौथीत तुम्ही दाखवला होतात आणि मला तो शंकर वाटला होता. फिरायला त्या बाजूला गेलात तर तो आहे का जागेवर, बघून सांगा. इथल्या लोकांना मी ठोकून सांगून बसलेय की रोमचा एक देव आमच्या कोल्हापुरात राहतो.