कॅमेरा आहे, चालवायला माणूस नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या केबल परवान्यांवरचा लेख काल वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. कॅलिफोर्नियाने केबल कंपन्यांचे नगरपालिकांकडचे हेलपाटे वाचवले, महाराष्ट्रानेही तसाच राज्याचा एक परवाना द्यावा, असं लेखक म्हणतात. महाराष्ट्रात हा विषय 1995 च्या केंद्रीय कायद्याचा आहे आणि केबलवाल्याची नोंदणी 2025 च्या जानेवारीपर्यंत पोस्टात होत होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही का? पण ते राहू द्या. मी सव्वीस वर्षं कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात राहते. त्या परवान्याने आमच्या गावाचं काय गेलं, ते लिहिते.

ग्रंथालयाच्या मागे आमचा एक छोटा स्टुडिओ होता. दोन कॅमेरे, निळा पडदा आणि ते सांभाळणारा एक पगारी माणूस. तेव्हा परवाना नगरपालिका द्यायची आणि केबल कंपनीशी करार करताना तिने तशी अटच घातली होती. गावातल्या कोणीही चार संध्याकाळी शिकायचं आणि केबलवरच्या गावच्या चॅनेलसाठी आपला कार्यक्रम करायचा. 2005 च्या गणपतीत माझी आई इथे होती. तिने त्या स्टुडिओत उकडीचे मोदक केले. ती मराठीत बोलत होती, मी बाजूला उभी राहून इंग्रजीत सांगत होते. वयामुळे तिचे हात थरथरायचे, पण अकरा पाकळ्या पुऱ्या होऊन मोदकाचं टोक मिटेपर्यंत त्या माणसाने कॅमेरा तिच्या बोटांवरून हलवला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मेक्सिकन आजी मक्याच्या सालीत वाफवलेले तमाले घेऊन दारात! आमचंही वाफेवरच असतं, म्हणाल्या.

2006 मध्ये राज्याच्या परवान्याचा हा कायदा झाला आणि 2008 संपता संपता स्टुडिओला कुलूप लागलं. लॉस एंजेलिसमधलेही असे स्टुडिओ त्याच सुमारास बंद झाले. आम्ही वीसजण नगरपालिकेच्या सभेला गेलो. उत्तर मिळालं, परवाना आता राज्याचा आयोग देतो, आम्हाला अट घालता येत नाही.

'गावांना कर मिळतोच,' असं लेखात आहे. तो कर नाही, सार्वजनिक रस्त्यांवरून, रस्त्यांखालून तारा नेण्याचं भाडं आहे. कंपनीच्या केबल उत्पन्नाच्या 5 टक्क्यांवर ते नेता येत नाही, ही मर्यादा वॉशिंग्टनने 1984 पासून घातली आहे. गावच्या चॅनेलसाठी आणखी 1 टक्का मागता येतो, पण तो यंत्रं आणि जागा यांवरच खर्च करायचा. पगाराला लावला, तर तो त्या 5 टक्क्यांत धरला जातो, आणि ते 5 तर आधीच पुरे घेतलेले असतात. म्हणजे कॅमेरा घ्या, पण चालवणाऱ्याला पगार कुठून देणार? 2019 मध्ये केंद्राच्या दळणवळण आयोगाने (FCC) शाळा-ग्रंथालयांच्या फुकट जोडण्याही त्याच 5 टक्क्यांत मोजायच्या ठरवल्या, आणि 2021 मध्ये न्यायालयाने ते बहुतांशी उचलून धरलं. राज्याने गावाचे हात बांधले, केंद्राने खिसा शिवला, याबद्दल लेखात एक ओळ नाही.

आणि बिलाचं काय? माझ्या बिलात हे भाडं वेगळं छापून ग्राहकाकडूनच घेतात आणि त्याला लागूनच 'प्रक्षेपण शुल्क' असतं. ते कंपनीचं स्वतःचं. सरकारने लावलं असावं असं वाटून मी कित्येक वर्षं मुकाट्याने भरलं. ते काय आहे हे फोनवर विचारलं, तर नीट उत्तरही मिळालं नाही.

त्या 1 टक्क्यातून आता सभागृहात नवे कॅमेरे बसवलेत, भिंतीला ठोकलेले. गावच्या चॅनेलवर नगरपालिकेच्या सभा दिसतात आणि बाकी वेळ नुसत्या सूचनांची पाटी. स्टुडिओतल्या टेप कुठे गेल्या, हे मी तीनदा लेखी विचारलं आहे. आई 2011 मध्ये गेली. तिचा चालताबोलता असा तेवढाच अर्धा तास होता.

आपली,
एक वाचक, कॅलिफोर्निया